बन्सीच्या धुऱ्यावरचा साप

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक चार होते, पण विभाग चालवायचा तो बन्सी. हे मी आता, निवृत्त झाल्यावर कबूल करते. नोकरीत असताना कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला विभागाबाहेर काढलं असतं. मी विभागप्रमुख होते आणि चिडकी म्हणून नावाजलेली होते. मुलं मला माघारी 'फॉर्मलिन बाई' म्हणायची. बन्सीला ते माहीत होतं, आणि तरी चौतीस वर्षांत त्यानं एकदाही तोंडावर हसू येऊ दिलं नाही, यावरून त्याचा स्वभाव ओळखावा.

कागदोपत्री तो प्रयोगशाळा परिचर, म्हणजे लॅब उघडायची, काचा धुवायच्या, बेडूक आणि झुरळं मांडायची. गाव चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्यापासून दोन किलोमीटर आत. पहाटे गाईची धार काढून, मोसंबीला पाणी सोडून तो एसटी पकडायचा आणि बसस्थानकापासून औरंगपुऱ्यातल्या कॉलेजापर्यंत चालत यायचा. साडेआठला लॅबचं कुलूप उघडलेलं असायचं. उशीर झालेला मला आठवतो तो एकदाच, आणि त्या दिवशी एसटी बंद होत्या. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तरी मी त्याला 'अरे बन्सी'च म्हणायचे आणि तो मला 'मॅडम'. जुनी सवय, आता मोडायला जावं तर त्यालाच अवघडल्यासारखं होतं.

त्याची खरी विद्या हाडांची. मेलेलं जनावर पिंपात भिजत घालायचं, मांस सुटलं की दात घासायच्या ब्रशनं एकेक हाड साफ करायचं, उन्हात नव्हे तर सावलीत वाळवायचं, आणि मग तारेत ओवून सांगाडा उभा करायचा. पुस्तक न उघडता तो मुंगसाची डावी बरगडी उजवीपासून वेगळी काढायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही प्राध्यापक मंडळी वासाच्या भीतीनं त्या खोलीत जातच नसू, मग शिकवणार काय?

दुसरी त्याची गोष्ट म्हणजे चिठ्ठी. विभागात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी हवी. कुठं सापडली, कधी, कुणाला. एकदा एका मुलीनं मोठा सुंदर शंख आणून दिला. कुठला ते तिला सांगता येईना. बन्सीनं तो तिच्या हातात परत ठेवला. "गाव नाय तर वस्तू नाय. घरी टीव्हीवर ठेवा." मुलगी रडायला लागली. मी बन्सीला सगळ्यांसमोर झापलं. तो ऐकून घेत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, कुठून आली ते ठाव नसंल तर ती नुसती शोभेची. तिच्यावर खोटं गाव लिहिलं तर त्याहून वाईट." शंख काही त्यानं घेतला नाही. मी दोन दिवस धुमसत होते, मग कळलं की बरोबर त्याचंच आहे. तसं त्याला सांगितलं मात्र नाही.

सत्त्याण्णव साली कन्नडच्या रस्त्यावर गाडीखाली सापडलेला एक अजगर वनखात्यानं रीतसर कागद करून आम्हाला दिला. सांगाडा करायचं काम बन्सीनं अंगावर घेतलं. तीनशेच्या वर मणके. प्रत्येकावर त्यानं काळ्या शाईनं मुंगीएवढा आकडा घातला. सुट्टीत सफाईला आलेल्या बाईनं चांगल्या भावनेनं सगळे ट्रे विसळून मणके एका बादलीत भरले, आणि आकडेही धुतले गेले. मी डोक्याला हात लावून बसले. बन्सीनं पोतं अंथरलं, त्यावर मांडी घातली आणि बादली उपडी केली. सापाच्या मणक्याला पुढून एक खुंटी असते आणि मागून खाच. एकाची खुंटी त्याच्या पुढच्याच्या खाचेत बसते. बन्सी डोळे मिटून बोटांनी चाचपायचा आणि जुळवायचा. "ज्याचा त्याला शेजारी सापडतो, मॅडम. जबरदस्ती नाय करायची." नऊ दिवसांत त्यानं अख्खा अजगर परत ओळीनं लावला. दहाव्या दिवशी रजा टाकून घरी गेला. मला वाटलं, बिचारा दमला.

पुढं तो निवृत्त झाला, मीही झाले. मोसंबी उतरली की तो औरंगपुऱ्यात आमच्या घरी पिशवीभर आणून द्यायचा. चहा घ्यायचा, पोरांचं सांगायचं. धाकटा भाऊ पुंडलिक वारला तेव्हा मात्र महिनाभर आला नाही. मग आला तो वाळून काटकी झालेला. पुंडलिक त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान, ह्यानंच खांद्यावर खेळवलेला. मी सांत्वनाचं बोलायला गेले तर म्हणाला, "त्याचं नका काढू, मॅडम." मी नाही काढलं.

दोन वर्षांपूर्वी मनस्विनीचा फोन आला. ही माझी विद्यार्थिनी, आता पुण्याला असते आणि गोदावरीकाठच्या जुन्या थरांत दगड झालेली हाडं शोधते. ह्या थरांतून हत्तीचे दात, सुसरीचे जबडे निघालेले आहेत. तिला पैठणकडच्या नाल्यांचे काठ बघायचे होते आणि गावात ओळखीचं कुणीतरी हवं होतं. मी म्हटलं, ओळखीचं कशाला, बन्सीच आहे.

उन्हाळा नुकता लागला होता. बन्सीनं आम्हा दोघींना नाला दाखवला, पण खालच्या अंगानं. वरच्या अंगाला त्याचं स्वतःचं शेत होतं, तिकडं तो वळेना. "तिकडं काय नाय, नुसती काटेरी बाभळ." मनस्विनी ऐकणारी थोडीच, तिला मीच शिकवलंय. ती काठाकाठानं पुढं गेली आणि एका दगडापाशी थांबली.

तो धुऱ्यावरचा दगड होता. दोन शेतांमधल्या बांधाला इकडं धुरा म्हणतात. एका अंगाला बन्सीची मोसंबीची बाग, दुसऱ्या अंगाला पुंडलिकचं रान, जे आता त्याची बायको लक्ष्मीबाई करते. वडलांनी दोघा भावांची वाटणी केली तेव्हा वरचा कडुनिंब आणि नाल्याकाठचा हा दगड, ह्या दोहोंमधली सरळ रेघ म्हणजे हद्द, असं ठरलं. सरकारी मोजणी कधी झालीच नाही. दगड गुडघ्याएवढा, नदीच्या गोट्यांचा, जमिनीतच चुनखडीनं घट्ट बांधला गेलेला. वरून कुणी चुना फासलेला. आणि माथ्यावर पाच गाठी, एका ओळीत.

मनस्विनीनं पिशवीतून ब्रश काढून चुना झाडला. मग माझ्याकडं बघितलं आणि मला जागा करून बाजूला सरकली. मी चष्मा सारखा करून वाकले. खुंटी होती, खाच होती. एकेक मणका माझ्या मुठीहून मोठा. आमच्या अजगराचा मणका अंगठ्याच्या पेराएवढा होता.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हा साप आहे. दहा मीटरच्या पुढचा."

मी बन्सीवर ओरडले. "अरे, तीनशे मणके ओवलेस तू! रोज ह्या दगडावरून जातोस, तुला कळलं नाही?"

"ध्यान नाय गेलं, मॅडम."

ज्या माणसाचं ध्यान उंदराच्या बरगडीकडं जायचं त्याचं ह्या पाच गाठींकडं गेलं नाही! मला ते खोटं वाटलं, पण का खोटं असावं ते कळेना.

मनस्विनीनं त्याला विचारलं, "काका, दगड मुळापासून ह्याच जागी होता ना?"

"व्हय. वाटणी झाली तवापासून हितंच हाये."

परवानग्या आल्या, दोन्ही घरांनी होकार दिला आणि दगडापाशी खणायला सुरुवात झाली. आठ दिवस खणलं. काळी माती, तिच्याखाली पिवळी माती. दगडाच्या अंगाला एवढे गोटे चिकटलेले आणि खड्ड्यात औषधाला एक गोटा सापडेना. मनस्विनीचा चेहरा रोज लहान होत गेला. तिनं मला समजावून सांगितलं, म्हणजे तिला वाटलं मी विसरले असेन. ह्या सापाची खुंटी रुंद आणि बसकी होती, ओळखीच्या कुठल्याच सापासारखी नव्हती. पण पाचही मणके पाठीच्या एकाच भागातले. मानेकडचे आणि शेपटीकडचे बघितल्याशिवाय ही नवी जात आहे असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. आणि दगड मूळचा कुठला ते कळलं नाही तर वय तरी कशावरून ठरवणार? त्यात पुढच्या सोमवारपासून नाल्याच्या खोलीकरणाला पोकलेन येणार होतं. अख्खा काठ उकरून टिपरांत भरून जाणार होता.

बुधवारी दुपारी बन्सी आमच्या दारात उभा. मी मेथी निवडत होते. हातात मोसंबीची पिशवी नाही, हे मी आधी पाहिलं. तो खुर्चीवर बसला नाही, उंबऱ्याशी भिंतीला टेकून खाली बसला.

"मॅडम, त्या दगडाची चिठ्ठी खोटी हाये."

मग त्यानं सांगितलं. वाटणी होऊन दोन वर्षं झाली होती. पुंडलिकचं नुकतंच लग्न झालेलं, आणि तो दिवाळसणाला सासुरवाडीला गेला होता. नाल्याकाठी दगडाच्या पलीकडं पुंडलिकच्या वाट्याला एक ओल होती, उन्हाळ्यापर्यंत टिकणारी. बन्सीला मोसंबी लावायची होती. लोभ सुटला. बैलजोडी लावून त्यानं दगड उपसला आणि भावाच्या रानात अकरा पावलं आत नेऊन रोवला. जुना खड्डा बुजवला, त्यावर मोसंबीचं रोप लावलं. हद्दीची रेघ तिरपी झाली आणि ओलीचा तुकडा त्याच्याकडं आला.

"अजगर ओवला तवा बोटाला कळलं," तो म्हणाला. "खुंटी, खाच. म्हणलं, हे तर आपल्या दगडावर हाये. रजा टाकून गेलो, हात लावून बघितला. तोच. पन सांगू कुनाला? तुम्ही पहिलं इचारलं असतं, कुठं व्हता."

मला इतका संताप आला की मेथीची जुडी हातातून खाली पडली. "तू? एका शंखापायी पोरीला रडवलंस तू! खोटं गाव लिहू नये म्हणून मला शिकवलंस!"

"म्हणूनच रडवायचो, मॅडम."

मी वाकून मेथी गोळा केली. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "सोमवारी पोकलेन आलं की समदं टिपरात जाणार. भावाशी बेइमानी केली. तो गेला, आता फेडता येत नाय. निदान ह्या जनावराला तरी त्याच्या जागेवरून हुसकू नये वाटलं."

"मला सांगून काय उपयोग? लक्ष्मीबाईला सांग."

त्याचा चेहराच पडला. "तिच्याशी म्या कदी बोललोच नाय, मॅडम. ती माझ्या धाकट्या भावाची बायको."

आमच्या भागातल्या शेतकरी घरांत ही रीत अजून आहे. थोरल्या दिराला, म्हणजे भायाला, धाकटी भावजय तोंड दाखवत नाही आणि तो तिच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं तर मध्ये कुणीतरी लागतं, कुणी नाही तर भिंतीला सांगायचं आणि तिनं ऐकायचं. तीस वर्षांच्या वर दोघं एका धुऱ्याच्या दोन बाजूंना राबली, आणि एक शब्द नाही.

"मग मी येते," मी म्हटलं. "ऊठ."

पैठणच्या एसटीत आम्ही दोघं शेजारी बसलो होतो.  चितेगावला बस रिकामी झाली तेव्हा त्यानं विचारलं, "ती पोलिसात जाईल का?" मी म्हटलं, "जावंच तिनं." लगेच मला वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला.

लक्ष्मीबाई रानात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावत होती. आम्हाला पाहून तिनं पदर पुढं ओढला आणि पाठमोरी झाली. बन्सी दहा हातांवर थांबला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "मॅडम, तिला सांगा..."

मी काही पोस्टमन नाही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण रानात तिसरं कुणी नव्हतं. मी मध्ये उभी राहिले. तो मला सांगत गेला आणि ती त्याच्याकडं पाठ करून ऐकत गेली. दिवाळसण, बैलजोडी, खड्डा, मोसंबीचं रोप. मी मधून फक्त मान हलवत होते.

तो थांबल्यावर ती म्हणाली, "मॅडम, त्यांना इचारा, किती पावलं?"

"अकरा," बन्सी म्हणाला.

ती खाली बसली. ओठ हलत होते, काहीतरी मोजत होती.

"एकशे चाळीस," ती म्हणाली. "सासऱ्यानं वाटणीच्या दिशी ह्यांना चालायला लावलं व्हतं. पल्याडच्या धुऱ्यापासून दगडापोतर आपला वाटा आपल्या पायानं मोजून घे म्हणले. एकशे चाळीस पावलं. दिवाळसणाहून आल्यावर ह्यांना वाटलं दगड जवळ आला. परत चालले. एकशे एकोणतीस. मंग पारावर गेले दादाला इचारायला. चार लोक बसले व्हते. हे म्हणले..." आणि तिनं मान किंचित बन्सीच्या दिशेला झुकवली. "हे म्हणले, पुंडल्या, वाटणीच्या टायमाला तू पोरगा व्हतास. आता तुझं पाऊल मोठं झालं, म्हणून आकडा कमी येतो. समदे हसले. तवापासून 'ढांग्या' नाव पडलं."

मी बन्सीकडं बघितलं. हे त्यानं मला सांगितलं नव्हतं.

"ह्यांचा लई इस्वास," लक्ष्मीबाई म्हणाली. "दादा शिकलेला, कालेजात हाये, दादाचं चुकायचं नाय. मोसंबीचे खड्डे पावलानं मोजून घेतले तवा म्हणले, माझं पाऊल मोठं हाये, जरा आखडून टाकतो. झाडं दाटीत पडली. चौथ्या वर्षी निम्मी उपटली. तवा बी लोक हसले. मेले तवा बी म्हणले, ढांग्या गेला. मॅडम, चांगला नीट चालनारा मानूस वो. जलमभर पाय आखडून चालला."

बन्सी तिथंच मातीत बसला. मी पन्नास वर्षं हाडं आणि आतडी पाहिलेली बाई, पण माझ्या डोळ्यांना धार लागली. जमिनीची चोरी मला कळत होती. ही दुसरी चोरी मोजायला माझ्याकडं काहीच नव्हतं.

लक्ष्मीबाईनं पदरानं तोंड पुसलं. "जमीन तर मी घेणारच," ती म्हणाली. "ते सोडणार नाय. आन त्यांना सांगा, जिथं हसले तिथं खरं सांगायचं. पारावर. सगळ्यांसमोर. बाकी मला काय नको." मग उठून तिनं पऱ्हाट्यांचा भारा बांधायला घेतला. "आन तो साप आधी काढा. त्यानं काय केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बन्सीनं ते मोसंबीचं झाड स्वतःच्या हातानं तोडलं. बहराला आलेलं होतं. दोन हात खोलीवरच गोट्यांचा थर लागला, दगडाच्या अंगाला होते तसलेच गोटे, आणि शनिवारी पहिला मणका. सरपंच सांडूभाऊ बघायला आले आणि नाल्याचा तेवढा काठ पंधरा दिवस सोडून द्यायचं त्यांनी कबूल केलं. एकूण सव्वीस मणके निघाले, बरगड्या निघाल्या, जबड्याचा एक तुकडा निघाला.

गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात बन्सीनं पोतं अंथरलं. मनस्विनी क्रम लावायला कागद-पेन्सिल घेऊन बसली होती. त्याला बघून तिनं ते बाजूला ठेवलं. तो एकेक मणका उचलायचा, अंगठ्यानं खुंटी चाचपायचा, ठेवायचा, परत उचलायचा. दोन दिवसांत मानेपासून शेपटीकडं ओळ लागली. मधले मणके हरवलेले होते तिथं तो बोटभर जागा सोडायचा. "हितला शेजारी नाय," म्हणायचा. सगळ्या ओळीत खुंटी तशीच होती, रुंद आणि बसकी, मानेकडंही आणि शेपटीकडंही. मनस्विनी मला म्हणाली, "बाई, आता कुणाला नाही म्हणता यायचं नाही. ही वेगळीच जात आहे." आणि तिनं खाली वाकून बन्सीच्या पायांना हात लावला. तो दचकून मागं सरकला. त्याला ते पेलवेना.

नावाचा प्रश्न निघाला तेव्हा मनस्विनीला त्याचं नाव द्यायचं होतं. तो म्हणाला, "माझं नको." मग ती लक्ष्मीबाईकडं गेली, पुंडलिकचं देऊ का म्हणून. लक्ष्मीबाई पदरात तोंड घालून हसली. "सापाला ह्यांचं नाव? सापाला लई भ्यायचे वो ते. दोरी बघून उडी मारायचे." शेवटी गोदावरीचं दिलं. नदी काही तक्रार करत नाही.

दगड मुळात होता तिथं खुणेचा खांब रोवला गेला, ओलीचा तुकडा लक्ष्मीबाईच्या रानात गेला. गावात बन्सीनं एवढंच सांगितलं की वाटणी नव्यानं केली. पारावर खरं सांगायला मात्र तो गेला नाही. आज जातो, उद्या जातो. मी फोनवर रागवायचे. तो म्हणायचा, "जायचं हाये, मॅडम." मला राग यायचा आणि कीवही यायची. तोच पार, जिथं आता नातवंडं त्याला आजोबा म्हणून हात धरून नेतात. लक्ष्मीबाईनं एकदाही आठवण करून दिली नाही. तिनं सांगायचं ते सांगितलं होतं.

मागच्या वर्षी मनस्विनीचा शोधनिबंध छापून आला. वर्तमानपत्रात बातमी आली, आणि सांडूभाऊंनी बन्सीचा सत्कार ठरवला. कुठं, तर पारावरच. सकाळी दहाची वेळ, तरी ऊन चांगलं चढलेलं. मी आणि मनस्विनी पुढच्या खुर्च्यांवर. बाया एका अंगाला सतरंजीवर बसलेल्या, त्यांच्यात मागं लक्ष्मीबाई. सांडूभाऊंनी शाल घातली, नारळ दिला आणि माईकवर म्हणाले, "बन्सीभाऊंनी तो दगड इतकी वर्षं जपला, म्हणून आज आपल्या गावाचं नाव झालं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बन्सी माईकपाशी गेला. दोन शब्द बोलून खाली बसेल असं मला वाटलं. मी त्याला ओळखते म्हणत होते, तेवढी ओळखत नव्हते. त्यानं शाल काढली, घडी केली आणि नारळासकट सरपंचांच्या खुर्चीवर ठेवली.

"म्या दगड जपला नाय," तो म्हणाला. "म्या दगड हलवला. पुंडलिक सासुरवाडीला गेला व्हता तवा. अकरा पावलं त्याच्या रानात. तो हितं, ह्याच पारावर मला इचारायला आला. एकशे चाळीसचं एकशे एकोणतीस कसं झालं म्हणून. म्या त्याला म्हणलं, तुझं पाऊल मोठं झालं. तुम्ही हसले. तुमचा काय दोष नाय, म्या हसवलं."

 माईक खरखरत होता.

"पुंडलिकाची मोजणी बरोबर व्हती. त्याचं पाऊल मोठं झालं नव्हतं. त्याला कुनी ढांग्या म्हणू नका."

एवढं बोलून त्याला पुढं काय करावं ते कळेना. माईक सोडवेना, बसायची हिंमत होईना. डोक्याला काही नाही, उन्हात तसाच उभा. सांडूभाऊ मान खाली घालून बसलेले, आणि जुनी चार म्हातारी माणसं, जी त्या दिवशी हसली असतील, ती एकमेकांकडं बघत होती.

तेव्हा बायांमधून लक्ष्मीबाई उठली. पदर डोक्यावरच होता, पण तोंडावर ओढलेला नव्हता. मध्ये मी बसले होते, माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"ऐकलं, दादा," ती म्हणाली. "समद्यांनी ऐकलं. आता सावलीला बसा."

बन्सी बसला, आणि मग त्याला रडू आवरेना.